विकतच्या पाण्याच्या बाटलीला इतकं झोडपायची गरज आहे का?

रानवारा (धागाकर्ता): माझं मत आधीच सांगून टाकतो. नळाचं पाणी पिण्याजोगं असताना बाटली विकत घेणं हा निव्वळ आळस. पाणी दहा मिनिटांत संपतं, बाटली पुढच्या पिढ्यांना पुरून उरते. जगात मिनिटाला दहा लाखांहून अधिक बाटल्या विकल्या जातात, असं संयुक्त राष्ट्र विद्यापीठाचा २०२३चा अहवाल सांगतो. आणि आपण पितो तरी काय? कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना २०२४ मध्ये एका लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण सापडले, त्यातले बहुतेक नॅनो आकाराचे.

खडूस: कण सापडले, मान्य. ते पोटात जाऊन काय करतात, हे त्या अभ्यासात तपासलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये पुरावा अपुरा असल्याचंच म्हटलं. आता कोणीतरी बीपीए (काही प्लास्टिकमधलं वादग्रस्त रसायन) घेऊन येईलच, म्हणून आधीच सांगतो: या बाटल्या 'पेट' (PET) नावाच्या प्लास्टिकच्या असतात, बीपीए असतं पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या, कडक प्लास्टिकमध्ये. पुरात जलवाहिनी फुटली की हीच बाटली जीव वाचवते, तेव्हा तिला नावं ठेवायला कोणी येत नाही.

रानवारा: पुराचं सोडा हो, तिथे कोण नको म्हणतंय? पण 'पुरावा अपुरा' म्हणजे 'धोका नाही' असं होत नाही. पेट बनवताना अँटिमनी नावाचं धातूसारखं मूलद्रव्य वापरतात. उन्हात तापलेल्या गाडीत बाटली पडून राहिली की ते पाण्यात जास्त उतरतं. झाकण सारखं उघड-बंद केलं तरी घासून कण सुटतात. तरी लोक तीच बाटली महिनाभर भरून वापरतात आणि वर म्हणतात, आम्ही पर्यावरण वाचवतोय!

भंगारसम्राट: दोघेही कणांत अडकलात. खरी गंमत बाटली टाकून दिल्यावर सुरू होते. बाटली पेटची, झाकण दुसऱ्याच प्लास्टिकचं, लेबल तिसऱ्याचं. चुरा करून पाण्याच्या टाकीत सोडला की पेट जड म्हणून बुडतं, झाकणाचे तुकडे तरंगतात, ते वेगळे काढता येतात. पण लेबल पीव्हीसी या जड प्लास्टिकचं निघालं तर तेही पेटबरोबर तळाला जातं. वितळवताना त्यातून आम्ल सुटतं आणि सगळा माल पिवळा पडतो. इतकं करून बाटलीची परत बाटली फार कमी वेळा होते, बराचसा माल पॉलिएस्टरच्या धाग्यात जातो. तो कपडा फाटला की संपलं, पुढे त्याला कोणी विचारत नाही. तरी बाटलीला भंगारात भाव आहे म्हणून ती उचलली तरी जाते. चिप्सच्या पाकिटाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

खडूस: म्हणजे बाटली त्यातल्या त्यात बरी! मी तेच म्हणतोय. बाटलीमागे अनामत घ्या, नॉर्वेत घेतात, लोक रांगा लावून परत करतात. युरोपीय संघात तर जुलै २०२४ पासून झाकण बाटलीला जोडलेलंच ठेवावं लागतं. बंदी कशाला?

रानवारा: बंदी हा शब्द मी वापरलाय का? कुठे ते दाखवा. अनामत चालेल, पण सोबत सार्वजनिक ठिकाणी चालू नळ हवेत. कोरडा नळ आणि शेजारी बाटल्यांचं यंत्र, असं चालणार नाही.

खडूस: नळ द्या, कोण नको म्हणतंय. फक्त एकदाच वापरायच्या काचेच्या बाटलीचा हट्ट धरू नका. ती इतकी जड असते की बनवायला आणि वाहून न्यायला प्लास्टिकपेक्षा जास्त इंधन जातं.

भंगारसम्राट: हे मात्र खरं. काच परत भरली तरच परवडते.