परदेशी विक्रेत्यांनी दिलेल्या 'अंदाजित पोच' तारखेवर कितपत विसंबावे?

कुंपणावरचा :

नमस्कार.

ऑनलाइन बाजारपेठांवरून परदेशी विक्रेत्यांकडे वस्तू मागवताना एक गोष्ट सातत्याने खटकते. तिच्यामागची व्यवस्था जाणकारांकडून समजून घ्यावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

वस्तूच्या पानावर 'सात ते बारा दिवसांत पोच' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. पैसे भरल्यावर लगेचच ट्रॅकिंग क्रमांकासह 'आपले पार्सल पाठवले आहे' असा संदेश येतो आणि मग कित्येक दिवस त्या क्रमांकापुढे 'प्रेषकाकडून माहिती प्राप्त' याखेरीज एकही नोंद उमटत नाही. मुदत उलटल्यावर विक्रेत्याकडे चौकशी केली की उत्तर ठरलेले असते : कस्टम्समध्ये विलंब होत आहे, कृपया आणखी पंधरा दिवस धीर धरावा. जे पार्सल विक्रेत्याच्याच देशातून बाहेर पडल्याची नोंद नाही, ते माझ्या देशाच्या कस्टम्समध्ये कसे अडकले, हे विचारल्यावर मात्र संवाद थांबतो.

विलंबाबद्दल माझी तक्रार नाही. इतक्या दुरून यायचे तर वेळ लागणारच, आणि पानावर 'पाच आठवडे' असे लिहिले असते तरीही त्यांतल्या बहुतेक वस्तू मी मागवल्याच असत्या. तक्रार आहे ती पाळता येणार नाही अशी तारीख बिनदिक्कत छापण्याची. ही तारीख नक्की कोण ठरवते : विक्रेता, संकेतस्थळ की वाहतूक करणारी संस्था? ट्रॅकिंगमधली कोणती नोंद दिसली म्हणजे पार्सल खरोखर निघाले असे समजावे? आणि 'थोडे थांबा' हे कुठवर ऐकून घ्यावे?

गठ्ठेवाला :

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे अशाच एका बाजारपेठेवरून परदेशी ग्राहकांना वस्तू पाठवणारा आहे. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि ते देताना विक्रेत्यांची बाजू सावरून धरण्याचा माझा हेतू नाही, हेही सांगून ठेवतो.

पानावर दिसणारी तारीख ही दोन आकड्यांची बेरीज असते. पहिला आकडा वस्तू बांधून वाहतूकदाराच्या हवाली करण्यास लागणाऱ्या दिवसांचा असतो आणि तो विक्रेता स्वतः भरतो. दुसरा आकडा वाहतुकीच्या दिवसांचा. तो बहुधा विक्रेत्याने निवडलेल्या सेवेच्या नावावरून संकेतस्थळ आपल्या तक्त्यातून उचलते. दोन्ही आकडे अनेकदा कामकाजाच्या दिवसांत मोजलेले असतात आणि ग्राहक ते कॅलेंडरवर मोजतो. त्यात दोन देशांच्या साप्ताहिक आणि सणासुदीच्या सुट्ट्या मिळवल्या, की 'दहा ते पंधरा दिवस' म्हणजे काहीही न बिघडता तीन आठवडे होतात.

पण खरी अडचण तक्त्यातच आहे. विमानप्रवासाला आणि चढ-उताराला जो किमान वेळ लागतो तो घटत नाही, म्हणून कोणतेही पार्सल अपेक्षेपेक्षा फार लवकर पोहोचत नाही. उशिराला मात्र वरची मर्यादा नसते. अशा परिस्थितीत निम्मी पार्सले ज्या दिवसापर्यंत पोहोचतात तो दिवस 'अंदाज' म्हणून छापला, तर गणिताने तो अचूक असूनही उरलेल्या निम्म्या ग्राहकांच्या दृष्टीने खोटाच ठरतो. वास्तविक दहातली नऊ पार्सले ज्या दिवसापर्यंत हाती पडतात तो दिवस छापायला हवा. तो छापला जात नाही, कारण शोधयादीत लवकरच्या तारखेची वस्तू वर येते, ग्राहकही तीच निवडतो आणि प्रामाणिकपणे पाच आठवडे लिहिणाऱ्याच्या पानावर कोणी फिरकत नाही. या स्पर्धेत संकेतस्थळाचेही हित लवकरच्या तारखेतच असते, कारण त्याचे उत्पन्न झालेल्या विक्रीवर अवलंबून आहे.

आता विक्रेत्यांच्या वाट्याचा दोष. 'वेळेत पाठवले का' हे जिथे संकेतस्थळ केवळ लेबल तयार झाल्याच्या किंवा क्रमांक भरल्याच्या वेळेवरून तपासते, तिथे विक्रेता ऑर्डर आल्याबरोबर लेबल छापतो आणि वस्तू सवडीने बांधतो. क्वचित वस्तू त्याच्याजवळ नसतेच. ऑर्डर आल्यावर तो ती मागवतो. शिवाय स्वस्त सेवेत माल आधी एका मध्यस्थाच्या गोदामात जातो, तिथे एकाच देशाची पुरेशी पार्सले जमेपर्यंत थांबतो आणि त्यानंतर टपालाकडे दिला जातो. तुम्हाला दिसणारी ती दीर्घ शांतता बहुधा या गोदामातली असते. विक्रेत्याला हे ठाऊक असते. तरीही तो कस्टम्सचे नाव सांगतो, कारण कस्टम्सला फोन करून कोणी खातरजमा करणार नाही, याची त्याला खात्री असते.

लाखेची मोहर :

आंतरराष्ट्रीय टपालाच्या कामाशी माझा बराच काळ संबंध आला आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

पार्सल टपालाने येत असेल तर आधी क्रमांक नीट वाचावा. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या प्रमाणानुसार हा क्रमांक १३ स्थानांचा असतो : सुरुवातीला दोन रोमन अक्षरे, मध्ये ९ अंक (त्यांतला शेवटचा पडताळणीचा) आणि अखेरीस देशाची दोन अक्षरे. पहिले अक्षर सेवेचा प्रकार सांगते. 'ई' म्हणजे स्पीड पोस्टसारखी जलद सेवा, 'सी' म्हणजे पार्सल, 'आर' म्हणजे नोंदणीकृत, 'एल' म्हणजे ज्यांचा मागोवा ठेवला जातो अशी छोटी पाकिटे. आणि 'यू' म्हणजे ज्याचा मागोवा ठेवण्याचे बंधन कोणावरही नाही असे पाकीट. 'यू'ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचा बारकोड मुख्यतः कस्टम्सच्या माहितीसाठी असतो. त्यावर अधूनमधून नोंदी दिसतातही, पण त्या न दिसणे हा दोष मानला जात नाही. 'ट्रॅकिंगसह' म्हणून विकल्या गेलेल्या अनेक स्वस्त पार्सलांवर हेच अक्षर असते. अखेरची दोन अक्षरे विक्रेत्याच्या देशाची नसून भलत्याच देशाची असतील, तर पार्सल त्या तिसऱ्या देशाच्या टपालखात्याकडे पोहोचल्यावरच त्याचा टपालातील प्रवास सुरू होणार, हेही समजून असावे.

नोंदींचा क्रम सर्वत्र साधारण सारखा असतो. प्रथम टपालात स्वीकार, मग पाठवणाऱ्या देशाच्या विनिमय कार्यालयात आगमन, तेथून रवानगी, मग आपल्या देशाच्या विनिमय कार्यालयात आगमन, कस्टम्सकडे सुपूर्द, कस्टम्समधून सुटका आणि शेवटी वाटप. (विनिमय कार्यालय म्हणजे जिथे परदेशी टपालाच्या थैल्या बांधल्या आणि उघडल्या जातात ते ठिकाण.) 'प्रेषकाकडून माहिती प्राप्त' ही नोंद या क्रमाच्या बाहेरची आहे, तिचा अर्थ कोणीतरी संगणकावर लेबल तयार केले, एवढाच. पार्सल निघाले असे म्हणायचे ते स्वीकाराची नोंद दिसल्यावर.

सर्वांत फसवी नोंद मात्र 'रवानगी'ची आहे. थैली बंद करून विमान कंपनीकडे सोपवण्यासाठी तयार झाली की ती नोंद पडते, विमान उडाले की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो. हवाई मालाचा मोठा भाग प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. त्यात आधी प्रवाशांचे सामान, मग जास्त भाडे देणारा माल आणि उरलेल्या जागेत टपाल, असा व्यवहार सर्रास चालतो. २०२० मध्ये प्रवासी उड्डाणे थांबली तेव्हा टपालाच्या थैल्या विमानतळांवर साचल्या, त्या याच कारणाने. माल समुद्रमार्गे येत असेल तर २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाऊ लागली आणि आशिया-युरोप प्रवासाला दहा दिवसांहून अधिक वेळ जास्त लागू लागला. असे काही घडले की जुन्या नोंदींवर बेतलेला तक्ता निरुपयोगी ठरतो.

कस्टम्सची सबब खरी असू शकते ती आपल्या देशातील विनिमय कार्यालयाची नोंद पडल्यानंतर. निर्यातीच्या बाजूलाही तपासणी असते, पण तिथे काही अडकले असेल तर ते सोडवणे विक्रेत्याचे काम आहे. आयातीच्या बाजूला अडकण्याची कारणे बहुतेक वेळा विक्रेत्याच्या लेखणीतच असतात : घोषणापत्रावर वस्तूचे नाव मोघम लिहिणे, किंमत कमी दाखवणे, 'भेटवस्तू' असा शेरा मारणे. जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार २०२१ पासून वस्तू असलेल्या प्रत्येक टपालाची माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आगाऊ पाठवणे आवश्यक झाले आहे आणि ती अपुरी असेल तर थैली भरण्यापूर्वीच पार्सल बाजूला काढले जाते. नियम बदलतात तेव्हाही गोंधळ होतो. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतच्या आयातीवरची व्हॅटची सूट काढून टाकली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली, त्या सुमारास अनेक देशांच्या टपालखात्यांनी अमेरिकेकडे माल पाठवणेच काही काळ बंद ठेवले होते.

मधली सुट्टी :

एवढे सगळे जाणून घेण्यापेक्षा खासगी कुरियरची सेवा निवडलेली बरी. तिथे उचलण्यापासून वाटपापर्यंत एकच संस्था असते, कस्टम्सची कागदपत्रेही तीच करते आणि तारीख बऱ्यापैकी पाळली जाते. मात्र शुल्क आगाऊ भरलेले आहे की दारात मागितले जाणार आहे, हे ऑर्डर देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

अटी व शर्ती :

कुरियरचा सल्ला महाग वस्तूंसाठी योग्य आहे, पण वस्तूपेक्षा वाहतूकच महाग पडत असेल तिथे तो उपयोगाचा नाही, आणि नेमक्या अशाच स्वस्त वस्तूंच्या बाबतीत अवास्तव तारखा सर्वाधिक आढळतात. तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते सर्वांत कळीचा प्रश्न तोच आहे.

पानावरची तारीख ग्राहक केवळ अपेक्षा म्हणून वाचतो. परंतु परताव्याच्या नियमांमध्ये तीच तारीख घड्याळाचे काम करते. उदाहरणार्थ, ईबे या ऑनलाइन बाजारपेठेच्या हमीनुसार वस्तू न मिळाल्याची तक्रार अंदाजित पोचेच्या शेवटच्या तारखेनंतर ३० दिवसांच्या आत करावी लागते. म्हणजे तारीख जितकी अलीकडची, तितका तक्रारीचा हक्क लवकर मिळतो आणि तितकाच लवकर संपतो. 'आणखी पंधरा दिवस थांबा' ही विनंती दोनदा मान्य केली की हे ३० दिवस सरतात. विक्रेत्यांतल्या काहींना हे हिशेब तोंडपाठ असतात, असे मानायला मी तयार आहे. पेपाल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेच्या नियमात मोजणी वेगळी आहे : तिथे पैसे भरल्याच्या दिवसापासून १८० दिवसांची मुदत असते. त्यामुळे तिथे उलट, मुद्दाम फार लांबची तारीख देणारा विक्रेताच अधिक धोक्याचा. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेमार्फत चार्जबॅक (भरलेली रक्कम उलट फिरवून घेणे) मागता येतो. त्यासाठी प्रमुख कार्ड कंपन्यांच्या नियमांत साधारणपणे १२० दिवस मिळतात आणि वस्तू न मिळाल्याच्या प्रकरणात ते अपेक्षित पोचेच्या तारखेपासून मोजले जातात.

कायदेही आहेत. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार वेगळे ठरले नसेल तर वस्तू ३० दिवसांत हाती पडली पाहिजे आणि ती ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंत गहाळ होण्याची जोखीम विक्रेत्याची असते. अमेरिकेत १९७५ मध्ये केलेल्या नियमानुसार सांगितलेल्या मुदतीत माल रवाना होईल असे मानण्यास विक्रेत्याकडे वाजवी आधार असावा लागतो. मात्र हा नियम रवानगीबद्दल बोलतो, पोचेबद्दल नाही. भारताच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सांगितलेल्या मुदतीनंतर आलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, अपवाद केवळ अटळ आपत्तीचा. तरीही विक्रेता दुसऱ्या देशात बसलेला असताना यांतला कोणताही कायदा त्याच्यापर्यंत पोहोचवणे सामान्य ग्राहकाला परवडत नाही. व्यवहारात हाताशी राहतात ती संकेतस्थळाची हमी आणि पैसे ज्या मार्गाने भरले तो मार्ग. म्हणून ऑर्डर देतानाच त्या पानावरील तारखेचे छायाचित्र घेऊन ठेवावे, विक्रेत्याशी होणारा सारा संवाद संकेतस्थळाच्या संदेशपेटीतच करावा आणि 'थांबा' म्हटले तरी तक्रारीच्या शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी तक्रार दाखल करावी. ती दाखल केल्यावरही पार्सल येऊ शकते. ते आले की तक्रार मागे घेता येते.

कुंपणावरचा :

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या सध्याच्या पार्सलाचा क्रमांक 'यू'नेच सुरू होतो, त्यामुळे पुष्कळ उलगडा झाला. एक शंका उरली आहे. मी तक्रार दाखल केल्यावर विक्रेत्याने कळवले की तक्रार मागे घेतल्यास तो निम्मी रक्कम लगेच परत करेल, आणि वस्तू आलीच नाही तर मला तक्रार पुन्हा उघडता येईल. हे मान्य करावे का?

अटी व शर्ती :

नाही. पेपालवर एकदा बंद केलेली तक्रार त्याच व्यवहारासाठी पुन्हा उघडता येत नाही, आणि इतरत्रही ती पुन्हा उघडता येईल असे संकेतस्थळाच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले दिसल्याशिवाय गृहीत धरू नये. विक्रेत्याला रक्कम परत करायचीच असेल तर तक्रार चालू असतानाही ती त्याला करता येते. त्याला तसेच कळवावे, तेही संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच.

गठ्ठेवाला :

सहमत आहे. उघडी तक्रार विक्रेत्याच्या गुणांकनात धरली जाते, म्हणून ती मागे घेण्याची त्याला एवढी घाई आहे. तुमच्या पार्सलाबाबत त्याला एकच विचारा : वस्तू टपालात स्वीकारल्याची पावती किंवा मध्यस्थाच्या गोदामातून निघाल्याची नोंद आहे का? माल खरोखर निघाला असेल तर त्याच्याकडे या दोहोंपैकी एक असायलाच हवे, आणि ते पाठवायला त्याला दोन मिनिटेही लागणार नाहीत.