गमच्या दुसऱ्या थराला निगेटिव्ह जुळत नाही

प्रश्न
सायनोटाइपच्या (लोहक्षारांनी निळे चित्र देणारी जुनी छपाई) निळ्या थरावर पिवळा आणि किरमिजी असे गम बायक्रोमेटचे (डिंक, रंग आणि प्रकाशाने घट्ट होणारे रसायन यांचे मिश्रण) दोन थर चढवून रंगीत छायाचित्रे करण्याचा प्रयत्न मी रत्नागिरीत करीत आहे. कागद ३०० जीएसएमचा, संपूर्ण सुती आणि गुळगुळीत आहे. निळा थर उत्तम येतो. परंतु प्रिंट धुऊन वाळवल्यानंतर पुढच्या रंगाची निगेटिव्ह ठेवली, की डावी कड तंतोतंत जुळते आणि उजवीकडे जाताना १० इंचांत जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक पडतो. चेहऱ्याच्या कडेला पिवळी रेघ उमटते. निगेटिव्ह ठेवताना माझा हात चुकतो, की दोष कागदात आहे?

उत्तर १
दोष कागदाचा आहे. निगेटिव्ह सरकली असती, तर फरक दोन्ही कडांना सारखाच दिसला असता. तो एका कडेपासून वाढत जातो, याचा अर्थ कागद आखडला आहे. कारखान्यात कागद ताणलेल्या स्थितीत वाळतो आणि पहिल्यांदा नीट भिजला, की तो ताण सुटतो. हे आखडणे प्रिंटिंगच्या आधीच घडवून आणावे. सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कागद अर्धा तास बुडवून ठेवावा, दोरीवर पूर्ण वाळवावा आणि तीच कृती पुन्हा एकदा करावी.

या पाण्यात कागदाचे मूळ सायझिंगही (रंग तंतूंत मुरू न देणारा लेप) बरेचसे निघून जाते आणि मग गमचा रंग तंतूंत शिरून डाग पडतात. त्यामुळे मी निळा थर झाल्यावर ३ टक्के जिलेटिन लावतो : ३० ग्रॅम जिलेटिन एक लिटर थंड पाण्यात फुगू द्यायचे, ५० अंशांपर्यंत गरम करून विरघळवायचे आणि रुंद ब्रशने पसरायचे. ते पाण्यात पुन्हा विरघळू नये म्हणून फॉर्मॅलिन (जिलेटिन कडक करणारे रसायन) वापरणार असाल, तर ते काम कृपया उघड्यावर आणि हातमोजे घालूनच करावे. त्याची वाफ घातक असते.

उत्तर २
वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र आधी आखडवलेला कागदही हवेतल्या ओलाव्याने लांबी बदलतो आणि कोकणात ही बाब किरकोळ नाही. पहिल्या थराच्या वेळी कागद हेअर ड्रायरने वाळवला आणि दुसऱ्या थराच्या वेळी पंख्याखाली, असे तर होत नाही ना? प्रत्येक वेळी एकच पद्धत आणि तेवढाच वेळ ठेवावा.

जुळवणीसाठी कार्यालयातल्या साध्या पंचिंग मशीनची ६ मिलिमीटरची भोके पुरतात. निगेटिव्ह आणि कागद यांना सारखी भोके पाडून फळीवर चिकटवलेल्या दोन पिनांवर ती बसवावीत. कागदाचे भोक ओले झाल्यावर फाटते, म्हणून कडेला पॉलिएस्टर फिल्मची पट्टी चिकटवून भोक त्या पट्टीत पाडावे, आणि तेही कागद आखडवल्यानंतरच. पिना निगेटिव्ह दाबणाऱ्या काचेच्या बाहेर राहतील एवढा समास ठेवावा, नाहीतर काच निगेटिव्हवर घट्ट बसत नाही.

अमेरिकी छायाचित्रकार अर्विंग पेन यांनी अनेक थरांच्या प्लॅटिनम प्रिंटसाठी कागद अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवून हा प्रश्न मुळातच सोडवला होता. मोठ्या आकारासाठी मला आजही तोच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो.

उत्तर ३
कागदात कॅल्शियम कार्बोनेट नाही ना, हेही पाहावे, कारण अल्कलीत सायनोटाइपचा निळा रंग फिका पडतो. ते असल्यास निळा थर देण्यापूर्वी कागद १० टक्के सल्फॅमिक आम्लात ठेवावा, बुडबुडे येणे थांबेपर्यंत थांबावे आणि मग भरपूर पाण्याने धुवावा.

प्रश्नकर्ता
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. ड्रायर आणि पंखा यांची अदलाबदल माझ्याकडून खरोखरच होत होती. काल कोऱ्या कागदावर २५० मिलिमीटर अंतरावर पेन्सिलीच्या दोन खुणा केल्या. पहिल्यांदा गरम पाण्यात ठेवून वाळवल्यावर अंतर २४८.५ भरले, दुसऱ्यांदा भिजवून वाळवल्यावर त्यात काही बदल झाला नाही. आता पट्ट्या चिकटवायला घेतल्या आहेत.