घरच्या गव्हाच्या बिअरला नुसता केळ्याचा वास येतोय, लवंग कुठे गेली?

तळघरवाला (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी, इथे घरी बिअर करणारे चारपाच जण आहेत हे माहितीये म्हणून विचारतोय. मी गेली दोन वर्षं तळघरात बिअर करतो, पेल एल चारदा झाली, स्टाऊट दोनदा, त्या छान जमल्या. पण माझं मन पहिल्यापासून हेफेवाइझेनवर, म्हणजे जर्मन पद्धतीच्या गढूळ गव्हाच्या बिअरवर. २०११ मध्ये पुण्यात नोकरीला असताना डुलाली नावाच्या ब्रूपबमध्ये पहिल्यांदा प्यायलो होतो, तोपर्यंत बिअर म्हणजे पिवळी, पारदर्शक आणि बर्फासारखी गार एवढंच माहीत, आणि समोर आला तो गढूळ उंच ग्लास, वर चार बोटं फेस, वास घेतला तर आधी पिकलं केळं आणि मागून हळूच लवंग. तीच चव घरी करायचीये.

तर २० लिटरचा घाणा असा घातला. गव्हाचं माल्ट अडीच किलो, पिल्सनर माल्ट दोन किलो, ६७ डिग्रीला तासभर मॅश, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवणं (सेल्सियसमध्येच लिहितो), हालरटाउ हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) २५ ग्रॅम घालून तासभर उकळी. यीस्ट वायईस्ट ३०६८, एक पाकीट. वर्ट (माल्टचं गाळलेलं गोड पाणी) २४ डिग्रीला आल्यावर टाकलं, तळघरात २१ होतं. घनता सुरुवातीला १.०५०, शेवटी १.०१२, म्हणजे आंबण्यात काही गडबड नाही, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास.

पण बाटली उघडली आणि ग्लास नाकाजवळ नेला तर सरळ शिकरण. बायकोच्या तोंडूनही पहिला शब्द तोच आला. लवंग औषधालासुद्धा नाही. शिवाय मॅश गाळताना सगळं खाली बसून घट्ट झालं, एरवी वीस मिनिटांत होणाऱ्या कामाला दीड तास लागला. पुढच्या वेळी उकळीत दोनतीन खऱ्या लवंगा टाकू का? की यीस्ट बदलू?

इसारकाठची (म्युनिक)

लवंगा अजिबात टाकू नका हो! मसालेभातातल्या लवंगेचा वास युजेनॉलचा, वाइसबिअरमधला (इकडे हेफेवाइझेनला असंही म्हणतात) वास फोर-व्हिनाइल ग्वायकॉल नावाच्या वेगळ्याच द्रव्याचा, दोघं भाऊभाऊ असतील पण एक नव्हेत, खरी लवंग टाकलीत तर काढ्यासारखं लागेल. आणि यीस्टही बदलू नका, ३०६८ हे म्युनिकजवळच्या वाइनश्टेफान ब्रुअरीचंच वाण, इकडच्या कितीतरी ब्रुअऱ्या त्याच्यावर चालतात. वाण उत्तम आहे, त्याला गरम झालंय फक्त.

तुम्ही तळघराचं तापमान मोजलंत, बादलीतलं नाही. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, पहिल्या दोनतीन दिवसांत आतलं तापमान खोलीपेक्षा तीनचार डिग्री सहज वर असतं. म्हणजे तुमच्या २१ च्या तळघरात बिअर २४-२५ ला आंबली, आणि सुरुवातही २४ ला. त्या तापमानाला हे यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट म्हणजे तो केळ्याचा वास भरभरून सोडतं आणि त्याच्याखाली लवंग दबून जाते.

मी हे विरजणासारखं समजते. दूध तेच, विरजण तेच, पण उन्हाळ्यात ओट्यावर लावलेलं दही आणि थंडीत डब्यात गुंडाळून ठेवलेलं दही सारखं लागतं का? बाकीच्या बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्स बोलतात, इथे यीस्टच बोलतं, म्हणून जीव लावायचा तो तापमानाला. वर्ट १६-१७ पर्यंत गार करा मगच यीस्ट टाका, पहिले तीन दिवस बिअर (खोली नव्हे!) १८ ला धरा, मग २०-२१ पर्यंत आपोआप चढू द्या. वेगळा फ्रिज लागत नाही. मोठ्या टबात चार बोटं पाणी, त्यात फर्मेंटर (बिअर आंबवायची बादली), त्याला जुना पंचा गुंडाळून पंचाचं टोक पाण्यात बुडवायचं आणि समोर पंखा. माठ जसा गार राहतो तसंच. माझ्या घरी यानेच तीन डिग्रीचा फरक पडतो. थर्मामीटरची पट्टी फर्मेंटरला बाहेरून चिकटवा, त्याच्यावर फडक्याची घडी बांधा म्हणजे हवेचं तापमान मध्ये येत नाही.

दुसरं म्हणजे लवंगेसाठी मॅशमध्येही सोय करावी लागते. ती चव फेरुलिक ॲसिडपासून तयार होते आणि ते धान्यातून सुटं होतं साधारण ४३-४५ डिग्रीला. तुम्ही एकदम ६७ ला गेलात. आधी ४४ ला वीस मिनिटं थांबा, मग उकळतं पाणी घालत ६७ ला या.

पेठेतला_बाळू (पुणे)

इसारताई, विरजणाचं फारच पटलं, पंचा आणि माठही.

मी नुसता पिणारा आहे पण वाचून हात शिवशिवायला लागले राव. गव्हाचं माल्ट म्हणजे आपण नाचणी भिजवून मोड आणून वाळवतो तसंच ना? मग घरच्या गव्हाला मोड आणून इथे पुण्यात करता येईल का? आणि नुसतं गव्हाचं पीठ किंवा दलिया का नाही चालत?

हळद_आणि_हॉप्स (मेलबर्न)

बाळू, बरोबर ओळखलंस, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. मोड येताना धान्यात एन्झाइम तयार होतात आणि मॅशमध्ये तेच पिठूळपणाची साखर करतात. पिठात किंवा दलियात ते पुरेसे नसतात म्हणून नुसत्यावर होत नाही, पण अर्धं बार्लीचं माल्ट असेल तर त्याचे एन्झाइम कच्च्या गव्हालाही पुरतात. बेल्जियन विटबिअर तशीच होते, जवळजवळ अर्धा गहू मोड न आणलेला. ती बिअर मेलीच होती खरं तर, होगार्डन गावातली शेवटची विटबिअरची ब्रुअरी १९५७ ला बंद पडली, मग त्याच गावच्या पिअर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६६ ला ती पुन्हा सुरू केली. त्यात धणे आणि संत्र्याची साल. इंडियन स्टोअरमधले आपले लांबट धणे त्यात फार सुंदर लागतात, लिंबासारखा वास, २० लिटरला १२-१५ ग्रॅम जाडसर कुटून उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत, बास.

पण पुण्यात घरी करू नकोस. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, बिअरही त्यातच आली, पाच लिटर केली तरी. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली म्हणून तळघरवाल्यांना जमतं.

आता तळघरवाले तुमच्याकडे. गाळताना अडकलं त्याचं कारण गव्हाला बार्लीसारखं टरफल नसतं. टरफलांचाच गाळणीसारखा थर बसतो, तो नसला की नुसती लापशी. उपाय भाताचं तूस. ब्रू शॉपमध्ये राइस हल्स म्हणून मिळतं, साडेचार किलो धान्याला दोनअडीचशे ग्रॅम घ्या, आधी धुवून भिजवा नाहीतर वर्ट पिऊन घेतं, मग मॅशमध्ये मिसळा. चव काही लागत नाही. मी तुसाशिवाय गव्हाला हातच लावत नाही.

आणि तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो कारण मला महागात पडलंय. बाटल्या कुठल्या वापरता? गव्हाच्या बिअरला फसफस जास्त लागते, पेल एलला अडीच व्हॉल्यूम (बिअरच्या अडीचपट) गॅस पुरतो, हिला साडेतीनपर्यंत. लिटरला नऊदहा ग्रॅम साखर होते ती. मी पहिल्या वर्षी पातळ काचेच्या, एकदा वापरून फेकायच्या बाटल्या भरल्या, आंबणं पुरतं संपलेलं नसतानाच, आणि रात्री कपाटात एकामागून एक तीन फुटल्या. सकाळी दार उघडलं तर काचेचा तुकडा दाराच्या लाकडात रुतलेला, माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तेव्हापासून जाड जर्मन अर्ध्या लिटरच्या बाटल्याच, घनता तीन दिवस सारखी आल्याशिवाय भरायचं नाही, आणि पहिले दोन आठवडे झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात. यात हयगय नको.

इसारकाठची (म्युनिक)

बाटल्यांबद्दल पूर्ण सहमत. मुलगी सुखरूप हे वाचून बरं वाटलं.

प्यायची कशी तेही लिहिते, नीट ओतली नाही तर केलेल्या कष्टांचं निम्मं वाया जातं. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, ७-८ डिग्री चांगली, बर्फगार असली तर लवंग कळतच नाही. उंच ग्लास थंड पाण्याने विसळून घ्यायचा, पुसायचा नाही, जवळजवळ आडवा धरायचा आणि बाटलीचं तोंड आत घालून काचेवरून सावकाश सोडायची. तळाशी दोन बोटं उरली की थांबा, बाटली गोल गोल हलवा, खाली बसलेलं यीस्ट फेसाळून सुटतं, ते वरून ओता. ग्लासमध्ये पांढरट ढग खाली उतरताना दिसतो तो बघत बसावासा वाटतो, खरंच. लिंबाची फोड नको, सालीतल्या तेलाने फेस बसतो आणि वासावर लिंबूच बसतं.

जीभ तयार करायची तर दोन बाटल्या शेजारी शेजारी घ्या, वाइनश्टेफानर हेफे आणि श्नायडर वाइसं ओरिजिनल. पहिलीत केळं पुढे, दुसरी तांबूस आणि लवंग स्पष्ट. दोन्ही एकाच वेळी हुंगल्याशिवाय हा फरक शब्दांनी कळणार नाही. आणि ताजी बघून घ्या, महिनोन्महिने शेल्फवर राहिली की केळ्याचा वास आधी जातो.

श्नायडरची गोष्ट मला फार आवडते. बव्हेरियात १५१६ च्या नियमात बिअरला धान्य म्हणून फक्त बार्ली होती, गहू पावासाठी. गव्हाच्या बिअरचा हक्क एका सरदार घराण्याकडे, ते घराणं १६०२ ला संपलं आणि हक्क राजघराण्याकडे आला, त्यांनी त्यावर बक्कळ पैसा केला. पुढे लोकांची चव बदलली, खप पडला, आणि १८७२ ला गेऑर्ग श्नायडरने राजाकडून तो हक्क विकत घेतला. एकाने हट्ट धरला म्हणून आज इथे सकाळी वाइसवुर्स्ट (पांढरं सॉसेज), गोड मोहरी आणि हा गढूळ ग्लास टेबलावर येतो.

पेठेतला_बाळू (पुणे)

बरं झालं सांगितलंत, घरी करायचा विचार सोडला. काल डेक्कनवर एका ठिकाणी हेफे मागवली आणि आलेली लिंबाची फोड बाजूला ठेवली, दहा मिनिटं ग्लास तसाच ठेवून मग वास घेतला. लवंग आहे हो! इतकी वर्षं पितोय पण इतकी गार पीत होतो की कधी लक्षातच आली नाही.

तळघरवाला (एडिसन, न्यू जर्सी)

सात आठवड्यांनी धागा वर काढतोय. सांगितलं तसंच केलं, ४४ ला वीस मिनिटं, तूस अडीचशे ग्रॅम, गाळायला पंचवीस मिनिटं लागली, एकदाही अडकलं नाही. वर्ट १७ ला आणायला मात्र फार वेळ गेला, नळाचं पाणी ऑगस्टमध्ये कोमट येतं, शेवटी बर्फाच्या दोन पिशव्या आणून टबात ओतल्या. पंचा, पंखा, पट्टी सगळं. पहिले तीन दिवस १८-१९ च्या वर गेलं नाही, तिसऱ्या दिवशी पहाटे उठून पाणी बदललं.

चौथ्या दिवशी फर्मेंटरमधून उकडलेल्या अंड्यासारखा वास यायला लागला, मी घाबरलो होतो, पण बाटलीत दोन आठवडे राहिल्यावर नावाला उरला नाही, पुढे कोणाला आला तर ओतून देऊ नका.

काल उघडली. ताई, आधी लवंग आली. मग घोट गिळल्यावर केळं, पिकलेलं नाही, जरा हिरवट साल असलेलं. फेस शेवटपर्यंत ग्लासच्या कडेला जाळी धरून होता. श्नायडरची बाटली शेजारी ठेवून प्यायलो, त्यांची जास्त गोल लागते, माझी शेवटी थोडी पातळ पडते. मॅश ६७ ऐवजी ६८-६९ ला केलं तर अंग भरेल का? शनिवारी पुढचा घाणा घालतोय, त्याआधी कोणी सांगितलं तर बरं होईल.