आतला आवाज कोणता आणि भीती कोणती?

कातरवेळ
अपघाताला बरेच महिने झाले. मी दुचाकीवर मागे बसले होते. हाताचं हाड जुळलं. सुरुवातीला डोळा लागला की ब्रेकचा कर्कश आवाज ऐकू यायचा, तोही हळूहळू बंद झाला. त्यासाठी मी वेगळं काही केलं नाही. पण पुन्हा दुचाकीवर बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, मागून हॉर्न वाजला की बोटं आखडतात. समुपदेशक म्हणतात, "उत्तर तुमच्या आतच आहे." मी आत डोकावते तेव्हा एकच वाक्य ऐकू येतं: बसू नकोस. हे शहाणपण की भीती? आणि मन आपोआप बरं होत असेल, तर नुसती वाट पाहायची का?

पाऊलवाट
लिहून बघा. मला त्याचा फार उपयोग झाला. पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या धक्क्याबद्दल लिहायला सांगितलं होतं. घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या जास्त उदास वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या डॉक्टरकडच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. त्यामुळे लिहून उठल्यावर रडू आलं तर घाबरू नका.

उंबरठा
मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची झोप परत आली, ही मनाचीच करामत. मोठ्या धक्क्यातून बहुतेक माणसं उपचारांशिवाय सावरतात. उलट घाईने मदत केली तर कधीकधी नुकसान होतं. अपघातानंतर लगेच माणसाला बसवून सगळा प्रसंग बोलायला लावायची एक पद्धत होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात रस्ते-अपघातातल्या जखमींना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं. सुरुवातीला फार हादरलेल्यांपैकी ज्यांना असं बोलायला लावलं होतं ते तिथेच अडकून होते. ज्यांच्यावर तो प्रयोग केला नव्हता ते सावरले होते.

मग तुमचं अडलं कुठे? टाळण्यात. दुचाकी टाळली की लगेच हायसं वाटतं आणि मेंदू त्यातून शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. 'हॉर्न वाजला आणि काहीच झालं नाही' हा अनुभव त्याला मिळतच नाही. नुसती वाट पाहून तो मिळणारही नाही.

आता आतल्या आवाजाबद्दल. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा ठाम विश्वास होता की माणसात वाढण्याची, सावरण्याची ओढ उपजतच असते. थेरपिस्टने ऐकून घेणारं, निवाडा न करणारं वातावरण द्यायचं. त्यांचे सहकारी युजीन जेंडलिन यांनी थेरपीच्या ध्वनिमुद्रित फिती ऐकल्या. ज्यांना पुढे फायदा झाला, ती माणसं बोलता बोलता अडखळायची. "मला राग आला... नाही, राग नाही... एकटं टाकून गेल्यासारखं... हो, तसंच." आणि मग एक सुस्कारा. शब्द चपखल बसला की अंग सैल पडतं.

भीतीचं असं नसतं. ती तयार वाक्य घेऊन येते, विचारायच्या आधीच, दर वेळी तेच. तुमचं 'बसू नकोस' मला तसं वाटतं. त्याच्याशी वाद घालू नका. शांत बसून विचारा, "यातलं नेमकं काय नको आहे?" आणि पहिलं उत्तर बाजूला ठेवून थांबा.

गवतफूल
थोडा विरोध नोंदवते. मी नैराश्यात होते तेव्हा माझा आतला आवाज रात्रंदिवस सांगायचा की मी कुणाच्या कामाची नाही. तेव्हा "आत उत्तर आहे" ऐकून मी अजूनच खचले. आधी औषधं लागली, मग आतलं काही ऐकू यायला लागलं.

उंबरठा
गवतफूल, पूर्ण सहमत. हाडही स्वतःच जुळतं, पण प्लास्टर लागतंच. धक्क्यानंतर महिना उलटूनही दुःस्वप्नं, दचकणं, टाळणं चालूच असेल आणि रोजचं जगणं अडत असेल तर तज्ज्ञाकडे जावंच. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्रासदायक आठवणीवर काम करणारी थेरपी) हे दोन उपचार जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये सुचवले आहेत. दोन्हींत काम शेवटी मनच करतं.

कातरवेळ
काल शांत बसून तसं विचारलं. आधी 'बसू नकोस', मग 'गाडी नको'. बराच वेळ काहीच नाही. मग एकदम आलं: मागे बसलं की मला रस्ता दिसत नाही. समोरून काय येतंय ते मला सगळ्यांत शेवटी कळलं होतं. हे सुचलं तेव्हा रडले, आणि खांदे खरंच खाली आले. भीती गाडीची नाहीच, न दिसण्याची आहे. आता काय करू?

उंबरठा
हे तुमच्या समुपदेशकांना याच शब्दांत सांगा आणि पायऱ्या त्यांच्याबरोबर ठरवा. मी असते तर उभ्या गाडीपासून सुरुवात केली असती: आधी पुढच्या सीटवर तुम्ही, मग मागे. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर छोटी फेरी, विश्वासातल्या माणसामागे, समोरचं दिसेल असं बसून. 'थांब' म्हटलं की तो थांबेल हे आधीच ठरवून घ्या. धडधड वाढली तरी ती जरा उतरेपर्यंत बसून राहा, मगच उतरा.