मदत हवी आहे : जुन्या बुलेटला मागे १८ इंची चाक

नमस्कार मंडळी. वडिलांची १९७८ सालची बुलेट ३५० मी परळला घरीच हळूहळू कस्टम करत आहे. मागचे मूळ १९ इंची चाक आणि ३.२५ इंच रुंदीचा टायर काढून, हब (चाकाचा मधला भाग), ब्रेकचा ड्रम व त्यालाच जोडलेले स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) तेच ठेवून, १८ इंची रिमवर १२०/८० टायर (१२० मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ८० टक्के) बसवायचा विचार आहे. हिशेबाने दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास सुमारे ६४८ मिलिमीटरच येतो, त्यामुळे गिअरिंगची चिंता नाही.

खरी अडचण रुंदीची आहे. टायर प्रत्येक बाजूला साधारण १८ मिलिमीटरने वाढेल, आणि डावीकडे टायर आणि चेन व चिमटा (मागचे चाक धरणारी दुहेरी फ्रेम, स्विंगआर्म) यांच्यामध्ये आत्ताच जेमतेम बोटभर जागा आहे. रिम थोडी उजवीकडे सरकवून आरे भरले, तर चाक पुढच्या चाकाच्या रेषेतून बाजूला जाईल, आणि ते मला मुळीच पटत नाही. चिमटा कापून रुंद करणेही जिवावर येते, कारण वडिलांनी तो स्वतः रंगवला होता.

कोणी हा बदल केला असल्यास चेन व टायर यांत किती अंतर राहिले, आणि अरुंद ११०/९० टायर बरा पडेल का, हे कृपया सांगावे. मुंबईत हाताने आरे भरून रिमचा बेंड नीट काढणारे कारागीर माहीत असल्यास तेही कळवावे.