ब्रश करताना रक्त येतं, तेवढी जागा सोडू का?

प्रश्न: खालच्या पुढच्या दातांपाशी हिरडीतून रक्त येतंय. थुंकी गुलाबी दिसली की पोटात गोळाच येतो, म्हणून आठवडाभर तिथे ब्रश लावला नाही. आता तर जास्तच येतंय! चुकतंय का माझं?

उत्तर १: अहो, उलटं करताय. मीही हेच केलं होतं. दातांवर साचलेल्या थरातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते, म्हणून रक्त. जागा सोडली की थर वाढतो, आणि एकदा का तो कडक झाला की ब्रशला दाद देत नाही. डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा लागतो. मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत तिरका टेकवा, हलक्या हाताने फिरवा. २ मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचं चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते. (माझ्या ब्रशचे केस महिन्यात फेंदारायचे, इतकी मी खसाखसा घासायचे.)

उत्तर २: आणि फटींचं काय? तिथे ब्रश पोचत नाही, फ्लॉस लागतो, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोरा. सुरुवातीला दोरा लाल होईल, घाबरू नका. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर दाखवाच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा.

प्रश्नकर्ती: गोळी नाही. फ्लॉस मात्र कपाटात न उघडलेला पडलाय. काढते आज.