मदत हवी आहे: बिअर जजची टेस्टिंग परीक्षा आणि माझ्या नाकातलं तूप

तिखटमीठ

नमस्कार मंडळी. धागा बिअरचा आहे. ज्यांना वावडं आहे त्यांनी पुढच्या धाग्यावर जावं, राग नाही.

मी मूळची ठाण्याची, गेली नऊ वर्षं ओहायोत. इथे घरी बिअर करायला १९७८ च्या कायद्याने मुभा आहे. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. आमची मजल तेवढी नाही. महिन्या-दीड महिन्यातून पाच गॅलनची एक खेप, तीही तळघरात, वॉशिंग मशीनच्या शेजारी.

क्लबातल्या लोकांनी भरीला घातलं म्हणून बीजेसीपीची, म्हणजे घरगुती बिअरच्या स्पर्धांना जज तयार करणाऱ्या संस्थेची, ऑनलाइन परीक्षा दिली. १८० प्रश्न, ६० मिनिटं. पुस्तक उघडं ठेवलं तरी चालतं, पण एका प्रश्नाला वीस सेकंद येतात, त्यात पान सापडेस्तोवर पुढचे तीन प्रश्न हातचे जातात. पास झाले. आता वर्षभर मी 'प्रोव्हिजनल'. त्या मुदतीत टेस्टिंगची परीक्षा द्यायची, नाहीतर पुन्हा श्रीगणेशा. जागा मिळाली आहे, अकरा आठवडे उरलेत.

आता खरी अडचण. मागच्या शनिवारी सरावाला चौघंजण बसलो होतो. एक जर्मन पिल्स, म्हणजे फिकट रंगाची, स्वच्छ चवीची बिअर, आली. ग्लास नाकाशी नेला आणि जीव सुखावला. मी ५० पैकी ३९ दिले. बाकी तिघांचे २३, २४, २५. टेबलावर शांतता. मग एकजण म्हणाला, "अगं, ही तर थिएटरातल्या पॉपकॉर्नसारखी लागतेय!" डायअसिटिल, म्हणजे लोण्यासारखा वास देणारं संयुग. पिल्समधला ठळक दोष. मला मात्र त्यात आजीकडे लोणी कढत ठेवल्यावर, बेरी तांबूस व्हायच्या जरा आधी सुटतो तो वास आला होता. त्याला दोष म्हणायला जीभ वळेना.

दुसरं म्हणजे शब्द. इथली मंडळी फटाफट लिहितात: ग्रॅहम क्रॅकर, टोस्टेड मार्शमेलो. मी हे पदार्थ तिशीनंतर खाल्ले. माझ्या डोक्यात येतं खमंग भाजलेली कणीक, चिक्कीचा पाक, पपनसाची साल. हे कागदावर कसं उतरवायचं? आणि एका बिअरला पंधरा मिनिटं कशी पुरवायची?

कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

निवांत_नाना

आम्ही चाळीस वर्षं फुकट तपासतोय, आम्हाला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही. चालू द्या. (वाचतोय.)

शिळी_भाकरी

माझं काम डेअरीतलं, बिअरमधलं शून्य कळतं. पण एक सांगते: तुमचं नाक चुकलेलं नाही. विरजण लावून केलेल्या लोण्याला जो वास असतो तो मुख्यतः डायअसिटिलचाच. विरजणातले काही जिवाणू ते तयार करतात. आमच्याकडे ते कमी पडलं तर तक्रार येते! म्हणजे तुम्ही वास अचूक ओळखलात, फक्त निकाल लोण्याचा दिलात.

तिखटमीठ

शिळी_भाकरी ताई, हे वाचून हसू आलं आणि जरा धीरही. "निकाल लोण्याचा दिलात" हे मी फ्रिजवर चिकटवणार आहे.

पपनस

उशिरा आलो. मी नेदरलँड्समध्ये असतो, ही परीक्षा दिली आहे, आता स्पर्धांना जज म्हणून बसतो. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी गुणांचं गणित. सहा बिअर, नव्वद मिनिटं. तुमच्याबरोबरच अनुभवी जज त्याच बिअर चाखतात आणि तुमचा कागद त्यांच्याशी ताडून पाहतात. पाच गोष्टींना सारखेच, वीस-वीस टक्के: वास-चव किती टिपलीत, गुण त्यांच्या किती जवळ दिलेत, वर्णन, करणाऱ्याला दिलेला सल्ला आणि कागद पूर्ण भरलात की नाही. हे शेवटचे वीस टक्के निव्वळ शिस्तीचे आहेत. नाक चोंदलेलं असलं तरी मिळतात. तरी निम्मे लोक 'अपिअरन्स'मध्ये "पिवळी, स्वच्छ" लिहून पुढे जातात. फेसाचा रंग कुठाय? तो किती टिकला? बुडबुडे बारीक की मोठे? आणि जे नाही तेही लिहायचं. "फळाचा वास नाही" हीदेखील नोंद आहे.

५० गुणांची वाटणी पाठ असेलच: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला अनुभव ५, एकूण छाप १०. वेळही त्याच मापाने वाटा. ग्लास हातात आला की आधी वास, रंगाबिंगाचं नंतर. वास उडून जातो, रंग कुठे पळत नाही. मी पहिली चार मिनिटं फक्त वासाला देतो. मध्ये नाक थकलं की स्वतःच्या शर्टाची बाही हुंगायची. वेडगळ दिसतं, पण जजच्या टेबलावर सगळेच हुंगतात.

आता तूप. साधी, हलकी, अमेरिकन लागर घ्या, जिच्यात लपायला काही नसतं. तीन ग्लास भरा. एकात टूथपिकचं टोक लोण्याच्या इसेन्समध्ये बुडवून फिरवा. नवऱ्याला ग्लासांची अदलाबदल करायला सांगा आणि वेगळा कुठला ते ओळखा. रोज एकदाच. ओळखू आलं की मात्रा कमी करत जा. नुसता वास शोधू नका. जिभेवर आणि टाळ्याला एक बुळबुळीत थर बसतो, तोही पाहा. काही लोकांना डायअसिटिलचा वास जन्मतःच जेमतेम येतो, त्यांना हा थरच वाचवतो. तुम्हाला तर वास येतोय, नशीबवान आहात.

आणि प्रत्येक ठिकाणी दोषही नाही तो. चेक पिल्समध्ये थोडा चालतो, एल नावाच्या काही इंग्लिश बिअरमध्येही. म्हणून "लोणी आलं = गुण कापा" असं यंत्रासारखं करू नका. आधी स्टाइल, म्हणजे बिअरचा प्रकार, आठवा. परीक्षेत मार्गदर्शिका हातात नसते, ती डोक्यात लागते.

सल्ल्याचे वीस टक्के इथेच मिळवायचे. "डायअसिटिल आहे, सुधारणा करा" हा सल्ला नव्हे. यीस्ट ते आंबताना तयार करतं आणि शेवटी स्वतःच परत शोषून घेतं. घाईने थंड केलं की ते अर्धवट राहतं. म्हणून लिहायचं: आंबवण शेवटाला आल्यावर तापमान १५ ते १८ अंशांपर्यंत चढवून दोन-तीन दिवस ठेवा. बरोबर आंबट वास असेल तर भांड्यांची स्वच्छता तपासा, जंतूही ते करतात.

शब्दांबद्दल: कणीकच लिहा की! फक्त त्याआधी मात्रा लिहा. "मध्यम-कमी, भाजलेल्या कणकेसारखा माल्टचा वास, जरासा पावाच्या कडेचा" इतकं इंग्रजीत केलंत तरी वाचणाऱ्याला कळतं. मार्शमेलो लिहायलाच हवं असं नाही, खोटं मात्र लिहू नका. पपनस तर तुमच्या बाजूने आहे (आणि माझ्याही), अमेरिकन हॉप्सचं (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचं) वर्णन ग्रेपफ्रूटशिवाय होत नाही. कच्चा भोपळा चिरल्यावर येतो तसा वास आला तर तो अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा दुसरा दोष. बाकीचे हिरवं सफरचंद म्हणतील, भोपळाही तितकाच मान्य आहे. बेल्जियन विटमध्ये धने, जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये लवंग आणि केळं. आपल्या स्वयंपाकघरातून गेलेल्या माणसाला ही यादी परकी नाही.

कोथरूडकर

मध्येच घुसतो. पुण्यात घरी करणं बेकायदा आहे ना? मग आपल्यासारख्यांनी जज व्हायचंच नाही?

पपनस

हो, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू तयार करता येत नाही, घरच्यासाठीसुद्धा. पण जज व्हायला बिअर करता आलीच पाहिजे असा नियम नाही. ऑनलाइन परीक्षा घरबसल्या देता येते. टेस्टिंगला प्रत्यक्ष जावं लागतं आणि जागा मोजक्या असतात, हे आधी बघून मगच पहिली परीक्षा द्या, नाहीतर वर्ष हातातून जाईल. चाखायला तुमच्याकडे २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत. वही घेऊन जा आणि एकच ग्लास मागवा.

तिखटमीठ

दहा दिवसांनी येतेय. तीन ग्लासांचा प्रयोग रोज चालू आहे. पहिले तीन दिवस ओळखला. चौथ्या दिवशी मात्रा निम्मी केली आणि सपशेल आपटले, सहाव्या दिवशी पुन्हा जमलं, तेही वासाने नाही, टाळ्यावरच्या थराने. नवरा म्हणतो, इसेन्सची बाटली आता तळघरात ठेव, फ्रिज उघडला की शिऱ्याची आठवण येते.

काल सरावाला परत एक पिल्स होती. आम्ही चौघं २६ ते २९ च्या आत. मी सल्ल्यात तापमान आणि दिवस दोन्ही लिहिले.

नवा प्रश्न: उन्हाने बिघडलेल्या बिअरला सगळे 'स्कंक' म्हणतात. हा दुर्गंध सोडणारा प्राणी मी फक्त हायवेवर, बंद काचेतून अनुभवला आहे. याला सरावाचा काही उपाय?

पपनस

हिरव्या बाटलीतली लागर घ्या, तासभर कडक उन्हात ठेवा, तशीच दुसरी बाटली कपाटात. मग दोन्ही थंड करून शेजारी ठेवून हुंगा. तपकिरी बाटली घेऊ नका, ती ऊन अडवते. आणि नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर उन्हातली तो पिऊन टाकेल.

निवांत_नाना

नवऱ्याला इकडे पाठवा.